बाबांच्या वयाचे दोन कागद

आधी माफी मागतो. आपल्या आयुष्याबद्दल लिहिण्याचा हक्क कोणाला असतो हे मला नीट ठाऊक नाही, पण माझ्यासारख्याला तो नसावा असंच बरीच वर्षं वाटत आलं. मी कुठली चळवळ चालवली नाही, तुरुंगात गेलो नाही, मोठ्या पदावर बसलो नाही. एका हायस्कुलात इतिहास शिकवला आणि निवृत्त झालो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्यामुळे वाक्य लिहिताना अजूनही कोणीतरी मागे उभं राहून चुका काढतंय असं वाटतं. तरी लिहितो आहे, कारण हल्ली आमच्या वस्तीतली मुलं जुन्या कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीच्या, नकला घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, "सर, हे पुरावा म्हणून चालते का?" चालतो की नाही ते ऑफिस ठरवतं. पण कागद खरा आहे का, आणि खरा असला तरी तो आपला आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ते ज्या वर्षी मला कळलं त्या वर्षाची ही हकिकत.

नागपुरात जरीपटक्याच्या अलीकडे आमची वस्ती होती. दोन खोल्या, पुढे मातीचा ओटा, ओट्यावर मायची तुळस नव्हे तर मिरचीची दोन झाडं. घरात बाबा, माय, मी आणि माझ्या दोन धाकट्या बहिणी. घड्याळ नव्हतं, त्याची गरजही नव्हती. मिलचा भोंगा झाला की माय चुलीवर तवा टाकायची, दुसरा झाला की बाबा डबा घेऊन निघायचे. बाबा साचाखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात होते. तिथे शेकडो साचे एकदम चालायचे, त्यामुळे शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओठ आणि हात यांनीच. घरी आल्यावर मात्र बाबा गरज नसताना मोठ्यानं बोलत. "मीठ दे वं" एवढं म्हटलं तरी पलीकडच्या घरातून कोणीतरी हसून ओरडायचं, "अगं दे ना वं त्याले मीठ!" जेवण बहुतेक ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी किंवा लाखोळीचं वरण. रविवारी त्याच लाखोळीचे वडे. माय ते थापायची आणि बाबा पहिला वडा फुंकर मारत खायचे. तेव्हा त्यांच्या उजव्या नाकपुडीवरची बारीक खळगी चमकायची. साच्यावरून धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा टोकदार लाकडी तुकडा, उडून लागला होता, असं ते सांगत. विणकराला धोट्याची भीती असतेच, त्यामुळे आम्हाला ते खरं वाटे.

बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या साली बाबांनी घरातले सगळे देव, ताईत, गंडे एका टोपलीत भरून बाहेर नेले होते. मी तेव्हा अगदी लहान. पण ते पुढेही त्याबद्दल सांगत, आणि सांगताना ताठ बसत. दीक्षेनंतर वस्तीत जो संध्याकाळचा वर्ग निघाला त्यात ते अक्षरओळख शिकले. वर्तमानपत्र बोट ठेवून वाचत. कोणाकडे मूल आजारी पडलं आणि बायका नजर उतरवायला लागल्या की बाबा ओट्यावरून गरजत, "दवाखान्यात न्या गा! मिठानं ताप उतरला असता तं डॉक्टर मिठाचंच दुकान टाकून बसला असता!"

मी बी. ए.च्या पहिल्या वर्षात पास होऊन दुसऱ्यात गेलो होतो तेव्हाची गोष्ट. एका दुपारी बाबा पाळीवरून आले ते हातपाय न धुता ओट्यावरच बसले. मिलच्या फाटकावर यादी लागली होती. वयाची साठ वर्षं पूर्ण झालेले कामगार, सहा महिन्यांनी कामावरून कमी. त्यात बाबांचं नाव होतं. तेवढ्यात त्यांच्या खात्यातले नामदेव मुकादम आले. ते आमच्या गल्लीतच राहत आणि मला 'कालेजवाले' म्हणून हाक मारत.

"काहून गा उकंडा, सुतकात बसल्यासारखा बसला?" मुकादम म्हणाले. "बरंच झालं ना. पोट्टा तयार हाये. तुह्या जागी बदलीत लावून देऊ. सायबाले मी सांगतो."

"पोट्टा शिकून राहिला," बाबा म्हणाले.

"शिकून काय होईन? मास्तर होईन. मास्तरचं पोट्टे तरी आयकतेत का? साचा निदान आयकते!"

मुकादम वाईट बोलत नव्हते. बाप निवृत्त झाला की मुलाला त्याच्या जागी लावायचं हीच वस्तीतली रीत होती आणि ती न मिळाल्यानं रडणारी घरंही मी पाहिली होती. पण बाबांनी मला एकदाच, लहान असताना, साचाखातं आतून दाखवलं होतं. कापसाचे कण माझ्या पापण्यांवर बसले होते. बाहेर आल्यावर त्यांनी ते बोटानं काढले आणि म्हणाले, "पाह्यलं ना? आता परत नाही याचं." आता त्यांचं काम सुटलं तर मला तिथे परत जावं लागणार होतं. मला पदवीला अजून दोन वर्षं हवी होती. आमच्या घरात त्या दिवसापासून प्रश्न एवढाच उरला.

मुकादम गेल्यावर बाबा म्हणाले, "माह्यं वय साठ नाही."

"मंग किती हाये?" मायनं विचारलं.

"थे मले काय मालूम? पन साठ नाही."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, त्यांना पोरवयातच मिलच्या फाटकावर आणलं होतं. तेव्हाचा मुकादम म्हणाला, लहान दिसतो. आजोबा म्हणाले, "अठराचा हाये मालक. आमचं घरच बुटकं." आणि बाबांनी अंगठा लावला. तेव्हा चौदाचे असतील, पंधराचे असतील. चार वर्षं त्या एका वाक्यानं त्यांच्या अंगावर चढली होती.

मी दुसऱ्याच दिवशी बाबांबरोबर मिलच्या ऑफिसात गेलो. लेबर ऑफिसर शांत माणूस होते. त्यांनी रजिस्टर काढून अंगठा दाखवला आणि म्हणाले, "हे तुमच्या वडिलांनीच सांगितलेलं वय आहे. आता नाही म्हणता. प्रत्येकजण आता नाहीच म्हणतो. जन्माची सरकारी नोंद आणा, महिन्याभरात. मग बघू."

मला आनंदच झाला. हे लिहायला थोडं विचित्र वाटतं, पण खरं आहे. इतिहासाच्या सरांनी नुकतंच शिकवलं होतं की कोणताही कागद हाती आला की तो कोणी लिहिला, कोणाच्या सांगण्यावरून लिहिला आणि घटना घडल्यावर किती दिवसांनी लिहिला, एवढं आधी विचारायचं. मी वहीचं एक पान घेतलं आणि मिलचं रजिस्टर या प्रश्नांत नापास केलं. मग आपल्याकडे काय काय मिळू शकतं ते भारीपणाच्या क्रमानं लिहिलं. सगळ्यात वर सरकारी जन्मनोंद. त्याखाली शाळेचा दाखला. सगळ्यात खाली, थोड्या नाखुशीनंच, 'तोंडी: आत्याबाई' असं लिहिलं. बाबांची ही थोरली बहीण भिवापूरला राहत होती. तिला शंभरापुढे मोजता येत नव्हतं.

शाळेचा पुरावा लवकर निकालात निघाला. बाबा गावच्या शाळेत एक पावसाळाभर गेले होते. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला की मूल शाळेच्या वयाचं झालं, अशी तेव्हाची परीक्षा. मी तिथल्या हेडमास्तरांना पत्र टाकलं. त्यांचं उत्तर आलं की नोंद आहे, पण त्या पानावरच्या सगळ्याच मुलांची जन्मतारीख एक जुलै आहे. पुढच्या पानावरचीही. बाबा म्हणाले, "मास्तरले जुलै आवडे वाटते."

राहिलं कोतवाल बुक. माझे आजोबा सोमा हे गावचे कोतवाल होते. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, हे कोतवालानं आठवड्याला ठाण्यावर जाऊन सांगायचं आणि तिथल्या मुन्शीनं त्याच्या पुस्तकात लिहून द्यायचं. पुस्तक कोतवालाच्या काखेत, अक्षर मुन्शीचं. आजोबांना वाचता येत नव्हतं. पण मी वहीत टिपून ठेवलं: सांगणारा खुद्द बाप, लिहिणारा सरकारी माणूस, घटना झाल्यावर आठ दिवसांच्या आत. यापेक्षा चांगला पुरावा इतिहासाच्या पुस्तकातसुद्धा क्वचित सापडतो, असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

ती पुस्तकं उमरेडच्या तहसीलीत होती. मी इतवारीहून छोट्या लाइनची गाडी धरून गेलो. रेकॉर्डरूमचे बाबू म्हातारे होते, जाड चष्म्याचे, मोडी घडाघडा वाचणारे. त्यांनी धूळ झटकत बाड काढलं आणि म्हणाले, "सोमा कोतवाल? म्हणजे हा स्वतःचीच पोरं स्वतःच लिहवून आणायचा. ऐक." बुकात मुलांची नावं नव्हती. बापाचं नाव, तारीख आणि मुलगा की मुलगी, एवढंच. सोमाच्या नावावर चार जन्म होते. आधी एक मुलगी. काही वर्षांनी मुलगा. मग चैत्रात आणखी एक मुलगा. त्यानंतर दोन वर्षांनी एक मुलगी. "बस," बाबू म्हणाले, "पुढे काही नाही."

मी तिथेच बसून विचार केला. थोरली मुलगी म्हणजे आत्याबाई. पहिला मुलगा मिलच्या रजिस्टरातल्या वयापेक्षाही मोठा निघत होता, तेव्हा तो बाबा नव्हेत, लहानपणीच गेला असणार. राहिला चैत्रातला. त्या हिशेबानं बाबा अठ्ठावन्नाचे होते. शेवटची मुलगी असेल कोणी, तीही गेलेली. तेव्हा पोरं जायचीच. दोन वर्षं मिळत होती, आणि मला दोनच हवी होती. मी नकलेचा अर्ज दिला, बाबूंनी दुपारपर्यंत शिक्का मारून नक्कल हाती ठेवली. इतका हलका मी आयुष्यात फार थोड्या वेळा झालो आहे. नागपूरला परतण्याऐवजी मी पुढच्या गाडीनं भिवापूरला गेलो. आत्याबाईला बातमी सांगावी, एवढाच विचार होता. तिला विचारावं असा नव्हता.

ती सातऱ्यावर होती. सातरा म्हणजे मिरची वाळवायचं मोठं उघडं आवार. जमिनीवर लाल ढीग, आणि ढिगांच्या कडेला बायका रांगेनं बसून देठ खुडत होत्या. मी आत पाय टाकताच शिंकायला लागलो, आणि बायका हसायला लागल्या.

"जनाबाई, तुहा भाचा आला वं! शिकतो म्हने, अन् साधी मिरची सोसत नाही!"

"काहून गा आनंद, असा अचानक? घरी सारे बरे हायेत ना?" आत्याबाईनं हात पदराला न लावता कोपरानं घाम पुसला. मी तिच्याजवळ बसून नक्कल वाचून दाखवली. शिक्काही दाखवला.

"कोन्ता महिना म्हनते?"

"चैत्र."

तिचे हात थांबले. सातऱ्यावर बायकांचे हात बोलतानाही थांबत नाहीत, म्हणून ते मला दिसलं.

"चैतातलं पोरगं उकंडा नोहे," ती म्हणाली. "थे गेलं. मानमोडी आली ना गा, तापाची, गावंच्या गावं झोपली, त्याच्यात गेलं. सात महिन्याचं होतं. बसाले लागलं होतं. मीच कडेवर घेऊन फिरो त्याले."

"मग बाबा?"

"उकंडा त्याच्यामांगून दोन सालानं झाला. जवारीची कापनी चालू होती. अन् त्याचं नाव उकंडा काहून हाये, थे तुले मालूम नाही?" शेजारच्या बायकांनीही माना वर केल्या. "दोन पोरं गेले होते ना. म्हनून थो झाला तसा सुईनीनं सुपात घालून उकंड्यावर नेऊन ठेवला, शेनकचऱ्यावर. बाजूच्या बुढीनं उचलला अन् दारात येऊन म्हने, मले उकंड्यावर पोट्टं भेटलं, घेता का? मायनं जवारी देऊन इकत घेतलं. म्हंजे मरनाले वाटलं पाह्यजे का हे या घरचं नाही. मंग नाक टोचलं. झबलं पोरीचं. पाच-सा सालाचा होईपरेंत येन्या घालत होतो आमी त्याच्या!"

बायका पुन्हा हसल्या. मी हसलो नाही. मी म्हणालो, "आत्याबाई, पण पुस्तकात त्यांचं नाव नाही. आजोबांनी लिहवलं नाही का?"

"लिवलं नाही तं नोकरी जाईन ना. लिवलं. पन पोरगी म्हनून लिवलं. बुढा म्हने, या पुस्तकात मी ज्याले पोरगा लिवतो थो मांगच्या पानावर जाते. पुढून जल्माचे पानं, मांगून मरनाचे. त्याले वाचता नोहतं येत, पन कोन्तं पान कायचं हाये थे बराबर मालूम. म्हने, पोरगी राह्यते आपल्या घरात. जना राह्यली ना? पोरगीच लिव म्हने मुन्शीजी."

जिला मी सकाळी चष्म्याच्या बाबूंसमोर मनातल्या मनात मारून टाकलं होतं, ती शेवटची मुलगी म्हणजे माझे वडील होते. आणि धोटा उडून कोणाच्या नाकपुडीला नेमकं बारीक गोल भोक पडत नाही, हे कळायला मला वीस वर्षं आणि एक दुपार लागली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा उमरेडला उतरलो आणि बाबूंना म्हणालो, मागची पानं पाहायची आहेत. ते म्हणाले, "काल बाप सापडला म्हणून नाचत गेलास. आज बापाला मारायला आलास काय?" त्यांनी पानं उलटली. मानमोडीच्या त्या हिवाळ्यात एकाच गावची नावं पानामागून पान भरून होती. त्यात सापडलं: सोमा कोतवाल याचा मुलगा, वय सात महिने, ताप. त्याच्या आधी कधीतरी पहिला मुलगाही. शेवटच्या मुलीच्या मृत्यूची नोंद मात्र पुढच्या दहा वर्षांत कुठेच नव्हती. बाबूंनी चष्मा काढला आणि माझी सगळी हकिकत ऐकून घेतली. मग मृत्यूची आणि त्या मुलीची, अशा दोन्ही नकला न मागता स्वतःच लिहायला घेतल्या.

परतीच्या गाडीत मी काय विचार करत होतो ते लिहायला लाज वाटते, पण ते वगळलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. माझ्याजवळ एक कागद असा होता की त्यावर सगळं जुळत होतं. बाप सोमा, मूल मुलगा, वय अठ्ठावन्न, गोल शिक्का. पण तो बाबांचा नव्हता. दुसऱ्यावर बाबांची खरी जन्मतारीख होती आणि त्यात ते मुलगी होते. पहिला दिला तर टेबलावर कोणी मान वर करणार नव्हतं. दुसरा दिला तर माझ्या वडिलांना सगळ्या ऑफिसासमोर नाक दाखवावं लागणार होतं. बुटीबोरीकडचं मोकळं रान खिडकीतून जात होतं असं मी पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, पण ती लाइन तिकडून जातच नाही. मला खिडकीबाहेरचं काही आठवत नाही. कुहीचं स्टेशन गेलं तेव्हा मी ठरवलं की चैत्रातलाच द्यायचा, आणि इतवारीला उतरतानाही तो निश्चय टिकून होता.

घरी मी सगळं सांगितलं. माय पोट धरून हसली. "म्हंजे इतके सालं मी बाईसंगं संसार केला का वं माय!" बहिणी बाबांच्या नाकाकडे बघायला लागल्या. बाबांनी पालथा हात नाकावर धरला आणि ओट्यावर जाऊन बसले. मी मागून गेलो. त्या दिवशी ते हळू बोलले, म्हणूनच मला ते शब्दन्‌शब्द आठवतात.

"मले मालूम होतं नाकाचं," ते म्हणाले. "दीक्षा घेतली तवा मी साऱ्या गल्लीले सांगतलं, हे उकंडे, नाकं टोचनं, सारं संपलं. लोकाइच्या घरी जाऊन भांडलो. आता सायबाच्या टेबलापाशी उभा राहून तेच सांगू?"

"नको सांगायला," मी म्हणालो. "हा चैत्रातला देऊ. सरकारी आहे. कोणाला कळणार नाही."

त्यांनी तो कागद घेतला आणि बोट ठेवून वाचायला लागले. 'सोमा' वाचलं. 'मुलगा' वाचलं. तिथे बोट बराच वेळ थांबलं.

"हा माह्या भावाचा हाये," ते म्हणाले. "सात महिने जगला. त्याले जिंदगीत कागद म्हनून एवढाच भेटला. थो मी कसा घेऊ गा?"

पुरावे कसे तोलायचे याची माझ्या वहीत दोन पानं भरली होती. त्यांत या प्रश्नाला जागा नव्हती.

अर्ज मी लिहिला, पण त्यात काय घालायचं ते बाबांनी सांगितलं. तिन्ही नकला जोडल्या. 'पहिली माझ्या मयत भावाची, दुसरी त्याच्या मृत्यूची, तिसरी माझी,' असं बाबांच्या तोंडून सरळ लिहिलं. आत्याबाई अंगठा द्यायला भिवापूरहून आली. लेबर ऑफिसरांनी तिसरी नक्कल वाचली आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावरचा कारकून मोठ्यानं हसला.

"उकंडाबाई, मग उद्यापासून लुगडं नेसून या पाळीवर!"

आत्याबाईनं त्याच्याकडे पाहिलं. "तुह्या मायले इचार गा बाबू, तुले पहिले पाच सालं काय काय घातलं होतं थे. मंग हास." कारकुनाचा हात गळ्याकडे गेला. त्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्याचा ताईत होता.

ऑफिसरांनी मला विचारलं, "वय वाढवून सांगितलं ही एक लबाडी तुम्ही स्वतःच कबूल करता. ही दुसरी नाही कशावरून?"

मी तयारीनं गेलो होतो. म्हणालो, "साहेब, लबाडीच करायची असती तर ही चैत्रातली नक्कल पुरेशी होती. ती आम्हीच तुमच्यापुढे ठेवून आमची नाही म्हणतो आहोत."

"तिच्यानं दोन वर्षं मिळतात. या मुलीच्या नोंदीनं चार. चार कोणाला नको असतात?"

मी वहीकडे पाहिलं. बाबा पुढे झाले. साचाखात्यात बोलावं तसे मोठ्यानं बोलले, आणि सगळं ऑफिस ऐकायला लागलं.

"साहेब, माह्या बुढ्यानं मले वाचवाले एक लबाडी केली अन् पोटाले लावाले दुसरी केली. दोनी माह्याच भल्याच्या होत्या, मी त्याले नाव ठेवत नाही. कोन्ती कोन्ती होती एवढंच सांगाले आलो. अन् चार साल मले नको. दोन सालात पोट्टा बी. ए. होते. दोन साल झाले का मी आपल्या मनानं घरी बसतो. लिहून घ्या, मी सही करतो. पन वय लिवा थे माह्यं लिवा. भावाचं नोका लिवू."

ऑफिसरांनी खरंच एक कागद पुढे केला. दोन वर्षांनी स्वखुशीनं निवृत्त होईन, असं मी त्यावर लिहिलं आणि बाबांनी जोडाक्षरं सांभाळत सही केली. नंतर त्यांना रामदासपेठेतल्या मिलच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी भिंगातून नाक पाहिलं आणि लिहून दिलं की ही जखम नाही, बालपणी टोचून बुजलेलं भोक आहे. घरी येताना बाबा माझ्या सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसले होते. ते म्हणाले, "पोरीइले सांग, आता पाहून घ्या म्हनाव नाक. डॉक्टरनं पास केलं."

त्यानंतर कितीतरी दिवस काही कळलं नाही. यादी फाटकावर तशीच होती. उन्हानं तिची शाई उडत चालली. मुकादमांनी बाबांच्या जागी मला लावायचा बदलीचा फॉर्म आणून दिला आणि तो मी भरलाही, बाबांना न सांगता. शेवटचा आठवडा उरला तेव्हा माय डब्यात रोज वडे द्यायला लागली. बाबा डबा परत आणत, वडे संपलेले असत, पण कोणाला दिले ते सांगत नसत. मी हे सगळं आज इतक्या ठामपणे लिहितो आहे, पण त्या आठवड्यात आपण मूर्खपणा केला असं मला रोज वाटलं. चैत्रातल्या नकलेची एक जादा प्रत अजून माझ्या वहीत होती.

पत्र शुक्रवारी आलं, मिलच्या शिपायाच्या हातून, घरीच. बाबा पहिल्या पाळीवरून नुकतेच आले होते. पत्र इंग्रजीत होतं. गल्लीतली दहा-बारा माणसं ओट्यापाशी जमली. मी आधी मनात वाचलं, मग उभ्यानंच मराठीत सांगितलं. तीनच वाक्यं होती. पहिली नोंद अर्जदाराच्या मोठ्या भावाची असून तो बालपणी मयत झाला, असं आढळून आलं आहे. शेवटची नोंद, तीत मुलगी असा उल्लेख असला तरी, अर्जदाराचीच असल्याचं मान्य करून त्यांचं वय छप्पन्न धरण्यात येत आहे व नाव यादीतून कमी केलं आहे. स्वखुशीनं निवृत्त होण्याचं त्यांनी लिहून दिलेलं पत्र अनावश्यक असल्यानं सोबत परत पाठवत आहोत.

मुकादम ओरडले, "चार साल! कालेजवाले, चार साल!" माय आत गेली आणि चुलीपाशी उगीचच भांडी हलवायला लागली.

बाबा म्हणाले, "पहिलं वाक्य परत वाच."

मी वाचलं. पहिली नोंद अर्जदाराच्या मोठ्या भावाची आहे.